पीयूसी दीडशे रुपयांत मिळते, धूर तसाच राहतो

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या दारात जुनी डिझेल गाडी उभी आहे त्यांनी वाचा, आणि अशा गाडीच्या मागे मोटारसायकलवर तोंडाला रुमाल बांधून जाणाऱ्यांनीही वाचा.

सप्टेंबर २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी 'नो पीयूसी, नो फ्युएल'ची घोषणा केली. म्हणजे पीयूसी नसेल तर पंपावर पेट्रोल-डिझेल नाही. हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पंपावरचा पोऱ्या जो कागद बघणार, तो कागद आपल्याकडे कसा तयार होतो यावर कोणी बोलत नाही. आणि दुसरी गंमत म्हणजे आपला जिल्हा कुठे आहे ते मुंबईला बसून लक्षात येत नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. फलाटावर चालता चालता राज्य बदलतं. इथल्या माणसाला पंपावर नाही म्हटलं तर तो सोनगडला जाऊन टाकी भरेल आणि येताना एक कॅनही भरून आणेल.

आधी नियम काय सांगतो ते बघू, कारण निम्मे वाद नियम माहीत नसल्यामुळे होतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, त्यातला नियम ११५. गाडीची पहिली नोंदणी होऊन एक वर्ष झालं की पुढे कायम वैध पीयूसी लागते. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती वर्षभर चालते, त्याआधीच्या सगळ्या गाड्यांना सहा महिने. नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बाद, इथपर्यंत तरतूद आहे. फी मात्र फार नाही. महाराष्ट्रात २०२२ च्या वाढीनंतर दुचाकीला ५०, पेट्रोल किंवा गॅसच्या चारचाकीला १२५ आणि डिझेल गाडीला १५० रुपये.

आता या दीडशे रुपयांत काय व्हायला पाहिजे ते नीट ऐका. डिझेल गाडीची चाचणी पेट्रोलसारखी नसते. पेट्रोल गाडी नुसती उभी चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. डिझेलमध्ये धुराचा काळेपणा मोजतात. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चांगलं तापलेलं, म्हणजे ऑइलचं तापमान किमान ६० अंश. नळी सायलेन्सरमध्ये आतपर्यंत घालायची, ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबायचा, इंजिन त्याच्या कमाल फेऱ्यांपर्यंत जाऊ द्यायचं आणि सोडायचं. असं पुन्हा पुन्हा, रीडिंग एकमेकांच्या जवळ येऊन स्थिर होईपर्यंत. त्या धुरातून जाताना प्रकाश किती अडतो त्यावरून आकडा निघतो. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला मर्यादा २.४५, बीएस-४ ला १.६२. जुने मेकॅनिक हेच ६५ आणि ५० हार्ट्रिज म्हणून सांगतात.

एवढं सगळं प्रामाणिकपणे करायला एका गाडीमागे दहा-पंधरा मिनिटं जातात. तुमच्या गाडीची पीयूसी शेवटची काढली तेव्हा किती मिनिटं लागली, आठवून बघा. बोनेट उघडलं होतं का? इंजिन चालू तरी होतं का?

आमच्या कोरीटातलं एक उदाहरण सांगतो. गल्लीतल्या आप्पांकडे २००६ ची एक टेम्पो ट्रॅव्हलर आहे. सुरतेहून घेतलेली, जीजे-०५ पासिंगची, नंतर रीतसर एनओसी आणून एमएच-३९ केली. मागच्या सीटांवर फळ्या टाकल्या की चार माणसं आडवी होतात. पाण्याचे दोन ड्रम, स्टोव्ह, पातेली, ताडपत्री, हे तर कायम गाडीतच. दत्त जयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत ही गाडी म्हणजे आमचं घर. घोडेबाजार बघायला दिवसभर फिरायचं आणि रात्री गाडीत झोपायचं. आषाढीला पंढरपूर, मध्येच कधी नर्मदा परिक्रमावाल्यांना शिधा पोचवायला. शहरातली मुलं आता याला कॅम्पर व्हॅन म्हणतात आणि इन्स्टाग्रामवर रील टाकतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलं. आमच्याकडे हे सगळं धोरणाच्या आधीपासून चालू आहे, फक्त त्याला नाव नव्हतं.

तर ही गाडी गेल्या वर्षी धूर मारायला लागली. काळाभोर. चढावर मागचा माणूस दिसेना. पीयूसी संपायला आली म्हणून आप्पांबरोबर मीही गेलो. पहिल्या सेंटरवर (नाव लिहीत नाही, नाव एकाचं लिहून उपयोग नाही) पोराने नंबर प्लेटचा फोटो काढला, मोबाइल नंबर विचारला आणि कागद हातात दिला. रीडिंग १.३८. गाडी बंद होती. आप्पा खूश. म्हणाले, "पास व्हई गयी ना भाऊ, आते कसाले चिंता?" मी म्हटलं, आप्पा, बंद गाडीचं रीडिंग शून्य यायला पाहिजे, हे १.३८ कुठून आलं?

आप्पा हसले, पण दुसऱ्या दिवशी आम्ही दुसरीकडे गेलो. तिथल्या माणसाने गाडी दोन-तीन किलोमीटर पळवून आणायला लावली, मग नळी घातली आणि पाय खरोखर तळापर्यंत दाबला. रीडिंग ४.१. त्याने सरळ सांगितलं, काका, ही बसत नाही, पंप-नोझल दाखवा. आणि पैसे घेतले नाहीत. म्हणजे ज्याने काम केलं त्याला शून्य रुपये, ज्याने काहीच केलं नाही त्याला दीडशे. माझ्या मते सगळ्या रोगाचं मूळ इथे आहे. नियमाप्रमाणे फी चाचणीची आहे, निकालाची नाही. पण नापास झालेलं गिऱ्हाईक पैसे देत नाही, उलट चार शिव्या देऊन शेजारच्या सेंटरवर जातं. तो शेजारचा त्याची वाटच बघत असतो. अशा बाजारात प्रामाणिक सेंटर किती दिवस टिकणार?

हे फक्त नंदुरबारचं दुखणं आहे असं समजू नका. दिल्लीतल्या वाहन प्रदूषणावर कॅगचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. त्यात मर्यादेपेक्षा जास्त रीडिंग येऊनही १.०८ लाख गाड्यांना पीयूसी दिल्याचं निघालं. ७,६४३ वेळा एकाच सेंटरवर एकाच वेळी एकाहून अधिक गाड्या तपासल्याची नोंद होती. ७६,८६५ प्रकरणांत तपासणी आणि सर्टिफिकेट मिळून एक मिनिट लागलं होतं. देशाच्या राजधानीत, कोर्टाचा डोळा असताना, ही स्थिती. मग आपल्याकडे कोण बघतंय?

आणि फसवाफसवी फक्त गरीब सेंटरवालाच करतो असंही नाही. फोक्सवॅगनने तर गाडीच्या कॉम्प्युटरमध्येच असं सॉफ्टवेअर टाकलं होतं की चाचणी चालू आहे हे गाडी ओळखायची आणि तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागायची. सप्टेंबर २०१५ मध्ये ते उघडं पडलं तेव्हा जगभरातल्या एक कोटी दहा लाख गाड्यांचा विषय निघाला. जर्मन इंजिनिअरने सॉफ्टवेअरने केलं ते आपल्याकडे अर्ध्या पायाने करतात. ॲक्सिलरेटर अर्धाच दाबला की इंजिन कमाल फेऱ्यांना पोचत नाही, धूर कमी, आकडा सुंदर.

आता आप्पांच्या गाडीचं पुढे काय झालं, कारण ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना खरी गरज याची आहे.

जुनी गाडी म्हणजे धूर, हे समीकरण चुकीचं आहे. धुराचा रंग बघायला शिका. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय, जळण अपुरं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत. पांढरा धूर सकाळी थंडीत थोडा वेळ येणं साहजिक आहे, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला तर टायमिंग किंवा कॉम्प्रेशनची तक्रार. यातला निळा महाग, कारण तिथे इंजिन उघडावं लागतं. काळा बहुतेक वेळा स्वस्तात जातो.

आप्पांची काळा मारत होती. मेकॅनिकने पहिल्यांदा एअर फिल्टर काढला. आपल्याकडे रस्त्याची धूळ, ऊस वाहतुकीची धूळ, त्यात मिरचीच्या पथाऱ्यांवरून येणारी बारीक पूड. फिल्टर जणू गोधडी झाला होता. तो बदलला. मग चारही नोझल काढून टेस्टिंगला दिले. दोन फवारा न मारता नुसते थेंब गाळत होते. डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन केलं. आधीच्या कुणीतरी 'पिकअप वाढवायला' डिझेलचा स्क्रू वाढवून ठेवला होता, तो जागेवर आणला. ऑइल आणि डिझेल फिल्टर बदलले. सगळं मिळून ९,४०० रुपये गेले आणि दोन दिवस गाडी उभी राहिली. परत त्याच दुसऱ्या सेंटरवर गेलो. पूर्ण पाय दाबून रीडिंग १.९. मर्यादा २.४५. पास, आणि खरी पास. वर लिटरमागे जवळपास दीड किलोमीटरचा फरक पडला असं आप्पा सांगतात. डिझेलचे आजचे भाव बघता वर्षभर यात्रा-वारी फिरली की खर्चातला बराच भाग वसूल.

हे लक्षात घ्या. पहिल्या सेंटरच्या कागदाने आप्पांचं नुकसानच केलं असतं. बंद गाडीचं १.३८ रीडिंग मान्य केलं असतं तर नोझल तसेच गळत राहिले असते, डिझेल वाया गेलं असतं, आणि गळणारा नोझल पुढे पिस्टन जाळतो. मग खर्च नऊ हजारांवर थांबला नसता. खोटी पीयूसी गाडीवाल्याच्या फायद्याची असते हा आपल्या डोक्यात बसलेला भ्रम आहे. डॉक्टरने न तपासता 'ठणठणीत' लिहून दिलं तर आपण त्याला पेढे देतो का?

धुराचा दुसरा भाग म्हणजे तो कोणाच्या छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात. आपल्या जिल्ह्यात आधीच घरोघर चुलीचा धूर आहे. त्यात शाळा सुटताना गेटसमोर काळी-पिवळी जीप इंजिन चालू ठेवून सवाऱ्या भरते. तिथे उभ्या पोरांची उंची आणि सायलेन्सरची उंची यात फार अंतर नसतं. म्हणून 'गरिबाची गाडी आहे, जाऊ द्या' हे मला पटत नाही. तो धूर खाणारा तिच्या मालकापेक्षा गरीब असतो.

पण 'जुनी आहे, भंगारात घाला' हेही मला पटत नाही. आणि सध्या वारं त्याच दिशेने आहे. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची. त्याची फी चारचाकीला ६०० होती, ती एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाडीला दहा हजार केली. शिवाय २०१० पासून महाराष्ट्रात पर्यावरण कर आहेच, ज्याला आपण ग्रीन टॅक्स म्हणतो. यात एक गोष्ट कुठेच नाही: गाडी धूर किती मारते. १.९ वाली आणि ४.१ वाली, दोघींना सारखीच फी. मग माणूस नोझलवर खर्च का करेल?

दिल्लीत वयावर गाड्या बंद करायचा प्रयोग झाला. दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी दिसली की पंपावर तेल नाही, असं १ जुलै २०२५ पासून सुरू केलं. दोन-तीन दिवसांत गुंडाळावं लागलं. लोक म्हणाले, आमची गाडी पीयूसी पास आहे, मग बंद का? यावर सरकारकडे उत्तर नव्हतं. कारण उत्तर द्यायचं तर कबूल करावं लागलं असतं की आमच्या पीयूसीवर आमचाच विश्वास नाही. मोजमाप खोटं असलं की शेवटी वयच मोजावं लागतं, कारण आरसीवरची तारीख तेवढी खोटी नसते.

इंग्लंडात उलटं आहे. तिथे चाळीस वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी असेल तर २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीतूनच सूट आहे. तिथल्या हौशी लोकांच्या जुन्या कॅम्पर व्हॅन त्यातच येतात. मी तसली सूट मागत नाहीये. तिथे ती गाडी रविवारी निघते, आपल्याकडे जुनी गाडी रोज चांदसैलीचा घाट चढते. आणि घाटावरून आठवलं, पीयूसीची सध्याची चाचणी न्यूट्रलमध्ये होते, लोडवर नाही. बावीस माणसं भरून घाट चढताना इंजिन काय ओकतं ते त्या मशीनला कधी कळत नाही. त्या मशीनला बारीक कण मोजता येत नाहीत, नायट्रोजन ऑक्साइड मोजता येत नाहीत. तरीसुद्धा मी म्हणतो, आहे ती चाचणी आधी खरी करा. पूर्ण पाय दाबून घेतलेल्या रीडिंगनेही गळका नोझल पकडला जातो, आणि आपल्याकडच्या निम्म्या काळ्या धुराचं कारण तेच आहे, असं आमचा मेकॅनिक शपथेवर सांगतो.

बरं, नवा कायदाही करायला नको. जून २०२१ मध्ये केंद्राने देशभर एकसारखी पीयूसी आणली, तेव्हाच नियमात 'रिजेक्शन स्लिप'ची तरतूद केली. गाडी नापास झाली तर कारण लिहिलेली पावती द्यायची. ती घेऊन मालकाने गॅरेजला जायचं, दुरुस्ती करायची, परत यायचं. किती साधी, किती उपयोगाची गोष्ट! तुमच्यापैकी किती जणांनी ही पावती डोळ्यांनी पाहिली आहे? मी तरी नाही. आप्पांनाही ती मिळाली नाही, तोंडीच सांगितलं गेलं. ज्या सेंटरवर वर्षभरात एकही गाडी नापास होत नाही, त्या सेंटरचा परवाना तपासायला वेगळा पुरावा कशाला पाहिजे? सगळं ऑनलाइन आहे. कुठल्या सेंटरने किती तपासल्या, किती नापास केल्या, दोन सर्टिफिकेटांत किती मिनिटांचं अंतर होतं, हे परिवहन खात्याला खुर्चीवरून न उठता दिसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की फी आधी घ्या, पास होवो वा नापास, आणि नापास झालेल्याला पंधरा दिवसांत दुसरी चाचणी फुकट द्या. म्हणजे सेंटरवाल्याला नापास करायची भीती राहणार नाही आणि गाडीवाल्याला परत यायचं कारण राहील. ग्रीन टॅक्स जुन्या गाडीकडून घेता, तर त्यातला थोडा तरी जुन्या गाडीवर खर्च करा. जो मालक रिजेक्शन स्लिप आणि नंतरची पास पीयूसी दोन्ही दाखवेल, त्याला पुढच्या नूतनीकरणात सूट द्या. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड असतो. तिथल्या पोरांना घेऊन आठवडे बाजाराच्या दिवशी तपासणी शिबिर लावा, दंडाचं पुस्तक ऑफिसात ठेवून. बाजाराला जिल्हाभरातून जीपवाले आपोआप येतात, त्यांना शोधत फिरावं लागत नाही. पहिल्या शिबिरात फिल्टर बघून दिला तरी अर्धं काम होईल.

कोणी म्हणेल, जीपवाल्याचं दिवसाचं उत्पन्न काय, तो नऊ हजार कुठून आणणार? बरोबर आहे. धडगावच्या पाड्यावर एसटी पोचत नाही तिथे हीच जीप बाळंतिणीला दवाखान्यात नेते, हे मला माहीत आहे. म्हणूनच सूट मागतोय. ती जीप उद्या वयावरून बंद झाली तर तिच्या जागी नवी बीएस-६ येणार नाही, पायवाट येईल. चालू ठेवायची तर धूर कमी करून चालू ठेवावी लागेल. आणि एप्रिल २०२० पासून देशभर मिळणारं डिझेल आधीपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे, त्यातलं गंधक दहा पीपीएमवर आलंय, ते जुन्या इंजिनातही तेच जातं. म्हणजे तेल चांगलं आहे, अडकलंय ते नोझलवर.

विम्याचंही एक सांगून ठेवतो, कारण मागच्या पोस्टवर बऱ्याच जणांनी विचारलं होतं. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये पीयूसीशिवाय विमा नूतनीकरण नको असं म्हटलं होतं. ती अट जुलै २०२४ मध्ये कोर्टानेच काढली, कारण विम्याविना फिरणाऱ्या गाड्यांमुळे अपघातग्रस्तांचे हाल होत होते. तेव्हा पीयूसी राहिली म्हणून थर्ड पार्टी विमा थांबवू नका. दोन्ही वेगळे विषय आहेत.

आप्पांच्या गाडीची पीयूसी पुढच्या महिन्यात संपतेय. यावेळी आम्ही रिजेक्शन स्लिपबद्दल सेंटरवर मुद्दाम विचारणार आहोत, मिळाली किंवा नाही मिळाली तरी इथे टाकतो. तुमच्याकडे २०१७ च्या आधीची डिझेल गाडी असेल तर कमेंटमध्ये चार गोष्टी लिहा: गाडीचं साल, शेवटचं रीडिंग, तपासायला लागलेली मिनिटं, आणि तेव्हा इंजिन चालू होतं की बंद. सेंटरचं नाव लिहू नका. पन्नास-साठ जणांचे आकडे जमले की मी ते एका कागदावर घेऊन उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात अर्ज देतो, पोचपावतीसह.